विश्पलेचा पाय आणि हिरण्यकशिपूचा वर

गेल्या चातुर्मासात चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात, रामदरबारनजीक, एका मराठी सद्गृहस्थांच्या घरी गीतेच्या तेराव्या अध्यायावर बोलण्याचा योग आला. यजमान तेथील एका कारखान्यात सुपरवायझर. श्रोत्यांत त्यांच्याच हाताखालचा एक कामगार होता. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेलेली. यजमानांनी विचारले, “शास्त्रीबुवा, याला यांत्रिक हात मिळणार आहे. पण माझा मुलगा म्हणतो, धडधाकट माणसानेही असे बळकट अवयव का लावून घेऊ नयेत? हे शास्त्रास संमत आहे काय?”

वाचकहो, पहिल्या गोष्टीस शास्त्राची आडकाठी नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेचा पाय तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय दिला, आणि ऋषींनी त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली. (मूळ शब्द ‘जङ्घा’ आहे, त्याचे ‘जांघ’ असे भाषांतर करणारे चुकतात, तो गुडघ्याखालचा भाग होय.) १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केलेला रबरी पाय त्याच परंपरेतला. तो लावून मनुष्य उकिडवा बसू शकतो, अनवाणी शेतात जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न बिकट आहे. हिरण्यकशिपूनेही घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, अशी मृत्यूची एकेक वाट बुजवून घेतली होती. बळ अमाप वाढले. पोटच्या पोराची वेदना मात्र त्याला दिसेनाशी झाली. भगवंतांनी जरा-व्याधींतील दुःख पाहणे हे ज्ञानाच्या लक्षणांत गणिले आहे, आणि सहाव्या अध्यायात दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःवरून जाणणाऱ्यास श्रेष्ठ योगी म्हटले आहे. ज्याला स्वतःची जखमच ठाऊक नाही, तो दुसऱ्याची कशावरून जाणणार?

अलीकडे ओझी वाहणाऱ्यांच्या अंगावर चढवावयाचे यांत्रिक सांगाडे निघाले आहेत. त्यांनी कंबर वाचत असेल तर ते औषधच म्हणावे. परंतु कंबर वाचते म्हणून ओझे दुप्पट केले, तर बळ कोणाचे वाढले?

इतका वेळ तो कामगार स्वस्थ ऐकत होता. तो हिंदीत म्हणाला, “पंडितजी, हात मिळेल तो मी घेईन. पण त्या प्रेसवर आता दुसरा मुलगा बसतो, आणि तिला जाळी अजून बसविलेली नाही.”

यजमान खाली पाहू लागले. त्या दिवशीचे प्रवचन मी तेथेच थांबविले.