बळी आणि त्याचे साक्षीदार

बेळगावजवळच्या उचगावात मळेकरणी देवीच्या अमराईत मंगळवारी-शुक्रवारी नवस फेडणाऱ्यांची गर्दी होते. कोंबड्या-बकऱ्याचा नवस इथे पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला. देवळाच्या आवारातल्या पशुबळीला बंदी घालणारा राज्याचा कायदा 1959 चा आहे. पण देवीला नेमकं काय पोचतं, हे कायदा सांगू शकत नाही.

29 मे 1913 ला पॅरिसमध्ये हाच प्रश्न रंगमंचावर आला. इगोर स्ट्राव्हिन्स्कीचं संगीत, निजिन्स्कीची नृत्यरचना आणि नाव ‘द राइट ऑफ स्प्रिंग’. प्राचीन रशियातली एक जमात वसंतासाठी एका मुलीची निवड करते. म्हातारे गोल करून बसतात आणि ती प्राण जाईपर्यंत नाचते. नेपथ्य-वेशभूषा निकोलस रोरिक यांची; हेच चित्रकार पुढे कुलू खोऱ्यातल्या नग्गरला येऊन राहिले.

प्रयोग सुरू होताच प्रेक्षागृहात हुल्लड माजली. नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून ओरडून मात्रा मोजू लागला. संचालक पिएर माँतो यांनी मात्र वादन थांबवलं नाही.

शंभराच्या आसपास वादक लागणारी ही रचना जिवंत वाद्यवृंदासह पाहणं वेगळंच. शेवटच्या नृत्यात मात्रांचा हिशेब सतत बदलतो. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला टेकायला जागाच मिळत नाही. ध्वनिमुद्रणावर नाचताना लय आधीच ठरलेली असते. इथे ती संचालकाच्या हातात असते. त्याने जरा घाई केली की नर्तकीला दम लागतो, छातीचा भाता पुढच्या रांगेतूनही दिसतो. मरण खोटं असतं, दमणं खरं.

आणि पाहणारे? ते त्या म्हाताऱ्यांच्याच रिंगणात बसलेले असतात. बळी एकटा पुजारी देत नाही, पाहणारा गावही देतो, हे तिथे नाकारता येत नाही.

बळीचं प्रतीक केलं की श्रद्धा पातळ होते, असं काहीजण मनापासून मानतात. ते पटत नाही. आपल्याकडे बळी म्हणून कोहळा कापणाऱ्यांना कुणी अश्रद्ध म्हटलेलं नाही. त्या रंगमंचावरही रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी माणूस हादरतो. कारण अर्पण होतात ते एका देहाचे कष्ट आणि शंभर माणसांचं एकाग्र होणं. तेव्हा मळेकरणीपुढे बकऱ्याऐवजी नारळ वाढवणाऱ्याचा नवस कुणी अपुरा म्हणू नये.