सातव्या पायाशिवाय आलेली रीडिंग्ज

जर्नलं मिटा. पेनं खाली ठेवा. मागचा मोबाईल खिशात गेला पाहिजे.

काल तुम्ही गेल्यावर चार नंबरच्या टेबलावरची आयसी मी उपसून पाहिली. ७४१ ऑप-अॅम्प. तिचा सात नंबरचा पाय मुळातून तुटलेला. सात नंबरला काय जोडतात? अधिक १५ व्होल्ट. म्हणजे त्या चिपला अधिक बाजूचा सप्लायच पोचत नव्हता. आणि त्या टेबलावरच्या चारही जर्नलांत इंटिग्रेटरची दहा-दहा रीडिंग्ज, आलेख, आणि खाली ‘सैद्धांतिक व प्रायोगिक मूल्ये जुळतात’ असा निष्कर्ष. कुठली वेव्ह पाहिली रे तुम्ही सीआरओवर? काहून गप्प बसले आता?

मागच्या बॅचच्या जर्नलातून उतरवलंय, हे मला पहिल्या पानावरच कळलं. १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, गुणाकार १ मिलिसेकंद. १ व्होल्ट वर, १ व्होल्ट खाली अशी १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिली, तर अर्ध्या मिलिसेकंदात आउटपुट अर्धाच व्होल्ट सरकेल. शिखरापासून तळापर्यंत ट्रँगल अर्ध्या व्होल्टचा. तुमच्या जर्नलात पाच व्होल्ट! ज्याचं उतरवलं त्यानं ०.०१ चा कपॅसिटर लावला होता. त्यानं निदान सर्किट तरी जोडलं होतं. तुम्ही आकृती स्वतःची काढली, रीडिंग्ज त्याची लिहिली, आणि दोन्हींचा मेळ बसतो का हे एका गुणाकारानं तपासायचे कष्टही घेतले नाहीत. चोरीपेक्षा या आळसाचा मला जास्त संताप येतो.

आता तू. अकोल्याहून पहाटेची गाडी धरून बडनेऱ्याला उतरतेस, सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये येतेस. तुझ्या जर्नलातलं एक पान फाडलेलं आहे. त्यावर काय होतं, मी विचारलं तेव्हा म्हणालीस, “सर, आउटपुट आपोआप सरकत सरकत उणे १३ वर जाऊन अडकलं, सर्किट चुकलं होतं.” पोरी, अख्ख्या बॅचमध्ये खरं निरीक्षण तेवढं एकच होतं, आणि तेच तू फाडून टाकलंस! त्या चार पोट्ट्यांपेक्षा तुझ्यावर माझा राग मोठा आहे.

ते का सरकलं? इनपुट शून्य असलं तरी ७४१ च्या आत मिलिव्होल्टभर ऑफसेट असतो. १ मिलिव्होल्ट धरला, तरी तुझ्या सर्किटमध्ये दर सेकंदाला १ व्होल्ट साठत जातो. तेरा-चौदा सेकंदांत आउटपुट सप्लायच्या काठाला टेकतं. आपल्याकडची शेततळी पाहिली आहेस ना? खाली प्लास्टिक अंथरलेलं, पाझर बंद. त्यात नळ थेंब थेंब गळत राहिला, तर तळं आज ना उद्या भरणारच. म्हणून कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा रोध लावायचा. तो पाझर आहे. पातळी एका जागी थांबते. त्याची किंमतही मोजावी लागते, साधारण १६ हर्ट्झच्या खाली ते सर्किट नीट इंटिग्रेशन करत नाही. हे सगळं त्या फाडलेल्या पानावर होतं.

डिफरन्शिएटरचंही तेच. प्रत्येकाच्या आलेखात पट्टीनं आखलेली स्वच्छ स्क्वेअर वेव्ह. खऱ्या पडद्यावर तिच्या कडांना थरथर दिसते, रेघेवर केस उभे राहतात, कारण हे सर्किट जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका सिग्नल वाढवतं, आणि नॉइजलाही सोडत नाही. इनपुटच्या कपॅसिटरला सिरीजमध्ये छोटा रोध त्यासाठीच घालतात. १९४७ मध्ये रॅगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अॅम्प्लिफायरला ‘ऑपरेशनल’ हे नाव दिलं, ते गणिती क्रिया करतो म्हणून. त्या काळचे अॅनालॉग कॉम्प्युटर अवकल समीकरणं सोडवायचे, पण समीकरण उलटंपालटं करून होता होईल तो इंटिग्रेटरच वापरायचे. डिफरन्शिएटरची ती थरथर त्यांना ठाऊक होती. तुम्हाला ती पट्टीनं पुसून टाकायची आहे.

इथून पारसचं वीजकेंद्र काही लांब नाही. २५० मेगावॅटचे दोन संच आहेत तिथं. मोठा करंट मोजायला रोगॉस्की कॉइल वापरतात, तेव्हा तिच्यातून करंट मिळत नाही, त्याच्या बदलाचा वेग मिळतो. करंट परत मिळवायला इंटिग्रेटर लागतो. तुमच्यातलं कोणी उद्या अशा यंत्रासमोर उभं राहील आणि आकडा सरकताना दिसला की ‘जुळतात’ लिहून मोकळं होईल, या विचारानं काल मला झोप लागली नाही. खरंच सांगून राहिलो.

चारही जर्नलांवर मी सही करणार नाही. शनिवारी दोन वाजता या, नवीन ७४१ माझ्या कपाटातून देतो. आधी आठही पाय मोजा, मग सप्लाय लावा. आणि पोरी, तू समांतर रोध लावू नकोस, घड्याळ समोर ठेव, आणि आउटपुट काठाला टेकेपर्यंत दर सेकंदाचं रीडिंग लिही. पेनानं.