वाचलेले कष्ट गेले कोठे?

पूर्वी बाळाचे लंगोट धुणारे हात घरचेच असत. डायपर आला आणि ते कष्ट वाचले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषाही सुसह्य झाली. ही सोय म्हणजे पाप नव्हे. परंतु वाचलेले कष्ट गेले कोठे? तसाच टाकलेला डायपर अखेर कुणा कचरावेचक भगिनीच्या हाती येतो.

इटलीत त्रेव्हिझोनजीक 2017 साली अशा कचऱ्याच्या पुनर्वापराचा कारखाना उभा राहिला. वाफेच्या दाबाने डायपर निर्जंतुक करून त्यातील लगदा, प्लॅस्टिक व शोषक द्रव्य वेगळे काढण्याची ती योजना. मग यंत्राने आपणांस कर्तव्यमुक्त केले काय? नाही. घराघरांतून हा कचरा निराळा आला, तरच यंत्राचा उपयोग.

आपल्याकडे 2016 च्या नियमांनी तो नीट गुंडाळून देण्याचे बंधन घातले. पुण्यातील ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी तर कागदी पुडीवर लाल ठिपका काढण्याची साधी विनंती केली. ठिपक्याने पुनर्वापर होत नाही, हे खरे. पण पुडी बांधणाऱ्याला ती उचलणाऱ्याचे स्मरण राहते. सोय आपली असेल, तर तिच्या घाणीची पहिली जबाबदारीही आपलीच नव्हे काय?