दहा प्राणांचा उंदीर आणि मेंदूचा अभ्यास

पाठशाळेत आपण सगळ्याच जणींनी घोकलेलं आहे: अळी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय, उंदीर पंचेंद्रिय. आता आपल्या मुली याच जिवांच्या मेंदूचा अभ्यास करायला निघाल्या आहेत, आणि प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही.

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दोन महिने संशोधकाच्या हाताखाली शिकायची संधी देतात. भेलच्या नोकरीपायी गोविंदपुऱ्यात स्थायिक झालेल्या आमच्या घरातल्या भाचीची त्यात निवड झाली. विषय मेंदूविज्ञान. पेढे आणण्याआधीच आजींनी विचारलं, "उंदीर मारावे लागले तर?" भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तूच सांग, जाऊ की नको?"

आजींचा प्रश्न जुनाट म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. आपल्या शास्त्राप्रमाणे उंदीर मन असलेला जीव, दहाही प्राण असलेला. विज्ञान तरी वेगळं काय सांगतं? उंदीर घाबरतो, शिकतो, आठवण ठेवतो. म्हणूनच तर तो प्रयोगाला घेतात. खरी गाठ इथेच आहे: तो जितका आपल्यासारखा, तितका प्रयोगाला उपयोगी, आणि जितका आपल्यासारखा, तितकी हिंसा मोठी.

पण मुलीला घरी बसवलं म्हणजे आपण सुटलो का? फिट्सच्या, लकव्याच्या गोळ्या घरोघरी असतात. माणसाला देण्याआधी अशी औषधं प्राण्यांवर तपासली जातात. आपला धर्म नुसतं 'केलं' एवढंच मोजत नाही. करवलं आणि अनुमोदन दिलं, तेही मोजतो. गोळी घ्यायची आणि ती शोधणाऱ्या हाताला पापी म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही.

शिवाय मेंदूचं सगळंच ज्ञान प्राण्यांना मारून मिळालेलं नाही. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फिट्ससाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. तरी आरशात बघून आकृती गिरवायला तो शिकला. काल गिरवल्याचं आठवत नसे, पण हात सुधारलेला असे. घटना आणि हातोटी मेंदू वेगवेगळ्या रीतीने जपतो, हे त्याच्यामुळे कळलं. तो 2008 पर्यंत जगला आणि वर्षानुवर्षं चाचण्यांना बसत राहिला. जर्मनीत हान्स बर्गरने 1924 मध्ये डोक्याला तारा लावून मेंदूची वीज टिपली. आज त्यालाच आपण ईईजी म्हणतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर कुटुंबं तिथे मेंदू दान करतात. नेत्रदानाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजाला हे दान परकं वाटू नये.

विज्ञानालाही हा प्रश्न टोचलेला आहे. 1959 साली रसेल आणि बर्च या दोघांनी मांडलं: पर्याय असेल तर प्राणी घेऊ नका, घ्यावाच लागला तर कमीत कमी घ्या, त्याची वेदना कमीत कमी ठेवा. आपल्याकडे 2014 मध्ये युजीसीने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. आपण याला यत्ना म्हणतो. पाणी गाळताना, दिवा लावताना जी सावधानता पाळतो, तीच.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "जा. पण जाण्याआधी सरांना दोन गोष्टी विचार: या कामात जीव लागतो का, आणि त्यावाचून हेच शिकता येईल का?" उत्तर काय येईल, ते तिचं तिने तोलायचं. कदाचित माणसांच्या ईईजीवर काम मिळेल, कदाचित नाही. तिला नाही म्हणावं लागलं तरी तो तिचा निर्णय असेल, आमची बंदी नव्हे.

मैत्रिणींनो, ज्या खोलीत हे प्रश्न विचारणारं कोणीच नसेल, तिथे हिंसा सवयीची होते. प्रमाद म्हणतात तो हाच. दोन प्रश्न घेऊन आत गेलेली आपली एक मुलगी, घरात सोवळं पाळत बसलेल्या दहाजणींपेक्षा अहिंसेच्या जास्त कामाची आहे.