उसने बळ



आमच्या गावच्या तालमीत एक मुलगा आहे. वय एकोणीस. बापाने म्हशीचे दूध डेअरीला घालायचे बंद करून पोराला पाजले, एवढा जीव त्याच्या कुस्तीवर. माघात तो पाया पडायला आला आणि मी चमकलो. चार महिन्यांत मान आणि दंड दुप्पट झालेले, पाठीवर मोठाले पुरळ, आणि पूर्वी शांत असणारी नजर तापट झालेली. खोदून विचारले, तेव्हा म्हणाला, "महाराज, इंजेक्शनं घेतोय. जिममधला एकजण देतो. बदाम, दूध, तूप तरी काय आतून उगवतं? तेही बाहेरूनच येतं. मग सुईतून आलं तर पाप कसं?"

पूर्वपक्ष चांगला होता. जन्मभर कीर्तनात पूर्वपक्ष मांडून त्याचे निरसन करीत आलो. पण त्या दिवशी माझी वाचा बसली. का बसली, ते पुढे सांगतो.

आधी हे समजून घेऊ की त्या सुईत असते काय. पुरुषाच्या शरीरात बळ, दाढीमिशी आणि वीर्य यांना कारण असणारा एक रस स्वतःच तयार होतो. त्याची कारखान्यात केलेली नक्कल म्हणजे हे स्टेरॉइड. ते बाहेरून भरपूर आले की शरीर आपला रस करणे थांबवते, त्या ग्रंथी आक्रसतात, संतती होण्यातही अडचण येते. रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांनी यकृत बिघडते. मांस झपाट्याने वाढते, पण त्याला हाडाशी बांधणारे दोर त्या वेगाने बळकट होत नाहीत; ते तुटतात. कोवळ्या वयात घेतले तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते. मुलींचा आवाज घोगरा होतो, आणि तो बहुधा परत येत नाही.

डब्यातल्या प्रोटीन पावडरीचे तसे नाही. ती पुष्कळदा दुधाच्या निवळीचीच भुकटी असते, तिला विष म्हणणे अन्याय होईल. पण काही डब्यांत न लिहिलेले औषधही मिसळलेले सापडते, आणि स्पर्धेचा नियम असा की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याचा जाब प्रथम खेळाडूनेच द्यायचा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. शेणखत घातले की जमीन ते पचवते आणि मग पिकाला देते. युरिया वारेमाप ओतला की गहू काळाशार दिसतो, बघणारा वाहवा करतो, आणि एका वादळात सगळे पीक आडवे होते. दूध-तूप पोटात जाते, तेव्हा जठराग्नी त्याला विचारतो, तुझे किती घेऊ? जोर-बैठका जितक्या, तितकेच अंगी लागते. उरलेल्याची चरबी होते. खुराक शरीराची सेवा करतो. सुई शरीराला विचारत नाही, हुकूम सोडते. हा झाला सिद्धांत, आणि तो खरा आहे.

पण माऊली, एवढ्याने माझी सुटका होत नाही. पन्नाशीत असताना एका सप्ताहात चौथ्या दिवशी माझा गळा बसला. काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितले. मी ऐकले नाही. दुसरीकडे जाऊन इंजेक्शन घेतले. तेही स्टेरॉइडच, जात वेगळी. ते मांस वाढवत नाही, सूज उतरवते. संध्याकाळी आवाज मोकळा झाला. मंडपात लोक म्हणाले, काय ईश्वरी देणगी आहे! मी हात जोडले, आणि गप्प राहिलो.

पुढची तीन वर्षे प्रत्येक मोठ्या सप्ताहाआधी मी ती सुई घेतली. सूज म्हणजे शरीराची विनवणी असते, "आता थांब." ती विनवणीच मी बंद केली होती. शेवटी भर कीर्तनात स्वरतंतूत रक्त उतरले, साखर वाढलेली निघाली, आणि माझा वरचा स्वर कायमचा गेला.

गळा गेल्याचे दुःख मी सोसले. त्याहून बोचते ते वेगळेच. त्या तीन वर्षांत लोकांना जे आवडले ते माझे किती आणि सुईचे किती, हे आज मलाही सांगता येत नाही. उसन्या बळाची हीच खरी किंमत आहे. ते प्रतिस्पर्ध्याला फसवते, हे तर उघडच. पण घेणाऱ्यापासून त्याचे स्वतःचे माप हिरावून घेते. क्षेत्र बिघडतेच, आणि क्षेत्र जाणणारा जो आत बसला आहे, त्याच्याही डोळ्यांवर पट्टी बसते.

१९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला. तीन दिवसांत सुवर्णपदक काढून घेतले गेले. लघवीत स्टेरॉइड सापडले होते. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते तिसऱ्या क्रमांकाचे आहे, पण आजही जागेवर आहे.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले, माझ्या सुईसकट. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण महाराज, मी सोडलं आणि बाकीच्यांनी नाही सोडलं, तर मी हरेन."

मी म्हणालो, "हो बाळ, हरशीलही." खोटा धीर देण्याचे माझे वय नाही.

असे औषध एकाएकी सोडले की शरीराचा स्वतःचा रस लगेच सुरू होत नाही. मन खचते, अंग गळते. म्हणून त्याच्या बापाला बरोबर घेऊन आम्ही तिघे तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. चैत्राच्या जत्रेत तो उतरला आणि गुणांवर हरला. फडात कुणी टाळी वाजवली नाही. मी उठून त्याला नारळ दिला, एवढेच.

परतताना मनात आले, या पोराच्या हातात सुई दिली कुणी? जिमवाल्याने, हे खरेच. पण जिंकणाऱ्यालाच फेटा बांधणारे आम्ही, आणि बसल्या गळ्याच्या कीर्तनकाराला दुसऱ्या वर्षी न बोलावणारेही आम्हीच. वारीत ज्याचे पाय थकतात तो दिंडीच्या गाडीत बसतो, आणि त्याला कुणी कमी वारकरी म्हणत नाही. तेवढी जागा आपण तालमीत आणि घरात ठेवली आहे का?

आपल्या घरचा मुलगा हरून आला, तर आधी त्याला जेवायला वाढा. कुस्तीचे नंतर विचारा.

रामकृष्ण हरी.