स्तंभापुढें उभें राहतांना

शास्त्रभाग : यहोशवा 4 : 1–7; 2 शमुवेल 23 : 13–17; लूक 3 : 14



यार्देन उतरल्यावर यहोशवानें नदीच्या पात्रांतून बारा धोंडे आणविले, ते मुलें पुढें प्रश्न विचारतील हें जाणूनच. धोंडा आपण होऊन बोलत नाहीं. त्याचा अर्थ सांगणारा बाप जवळ असावा लागतो. पण एकाच धोंड्याचे निरनिराळे बाप निरनिराळे अर्थ सांगूं लागले म्हणजे काय करावें? हा प्रश्न आमच्या मंडळ्यांपुढें दरवर्षीं 1 जानेवारीला उभा राहतो.

त्या दिवशीं आम्ही नववर्षाच्या उपासनेला जमतों. त्याच दिवशीं अमरावती व अकोला जिल्ह्यांतले कित्येक शेजारी, आणि आमचे कांहीं सोयरेहि, पुणें जिल्ह्यांतील कोरेगांव भीमा येथें स्तंभापुढें उभे असतात. 1 जानेवारी 1818 रोजीं तेथें कंपनी सरकारची लहानशी तुकडी पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढें दिवसभर टिकून राहिली. कंपनीनें स्तंभ उभारला तो आपल्या विजयासाठीं. त्यावर कोरलेल्या नांवांत शेवटीं ‘नाक’ असलेलीं पुष्कळ नांवें आहेत. तीं महार शिपायांचीं. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच जातीला सैन्यभरतीचें दार बंद झालें. 1 जानेवारी 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशीं गेले, आणि त्या दगडाला दुसराच अर्थ आला : ज्यांची सावलीहि विटाळ मानली गेली त्यांचा मान. तिसरा कोणी म्हणतो, परक्या सरकारच्या पगारावर लढलेल्या लढाईचा उत्सव कसला? 1 जानेवारी 2018 रोजीं, लढाईला दोनशें वर्षें होत असतां, तेथें दंगल उसळली व एका माणसाचा जीव गेला.

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. स्तंभ कोणीं बांधला एवढ्यावरून त्याचा अर्थ कायमचा ठरत नाहीं. क्रूस रोमी सरकारनें लोकांना धाक बसविण्यासाठीं उभा केला. त्यावर लाविलेला लेखहि त्यांचाच होता. आम्ही त्यांत तारण वाचतों. जे असें वाचावयास शिकले त्यांनीं शेजाऱ्याच्या वाचनास हंसूं नये. मात्र तुळईच्या त्या बाजूस पडलेल्यांनाहि आया होत्या, हें विसरणारा मान ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं.

लढाईचे दिवस पाळावयाचे तर आमच्या वऱ्हाडाला ते कमी नाहींत. 29 नोव्हेंबर 1803 रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांवापाशीं वेलस्लीनें भोसल्यांची फौज मोडली, आणि 15 डिसेंबर रोजीं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग तेथेंच मेला. त्या दिवसांची सुट्टी नाहीं. कापूस वेंचणीचे दिवस ते, कोणास सवड आहे? पुढें 1853 सालीं हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं निजामाकडून वऱ्हाड प्रांतच इंग्रजांकडे लावून घेतला गेला. म्हणजे आमच्या पणज्यांच्या शेताचा सारा शिपायांच्या पगारास लागला. योहानानें शिपायांना नोकरी सोडा असें सांगितलें नाहीं. कोणास छळूं नका व आपल्या पगारांत तृप्त असा, एवढेंच सांगितलें. आमच्या पणज्यांना तें चांगलें समजलें असतें.

इतर देशांतहि अर्थ एक नाहीं. 11 नोव्हेंबर 1918 रोजीं पहिलें महायुद्ध थांबलें. त्या दिवशीं इंग्लंडांत मेलेल्यांसाठीं स्तब्ध उभे राहतात. अमेरिकेंत 1954 पासून तो दिवस सैन्यांत नोकरी केलेल्या सर्वांच्या, जिवंतांच्याहि, मानाचा झाला. आपल्याकडे 15 जानेवारी हा सेनादिन, कारण 1949 सालीं त्या दिवशीं जनरल करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापति झाले. आणि 7 डिसेंबर हा 1949 पासूनचा ध्वजदिन. त्यांत तोफ नाहीं, संचलन नाहीं. लहानसा कागदी झेंडा छातीला लावून सैनिकांच्या कुटुंबांसाठीं पैसे जमवितात. आम्हांला विचाराल तर हाच दिवस आम्हांस अधिक आवडतो.

बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचें पाणी तिघा वीरांनीं शत्रूच्या छावणींतून वाट काढून आणलें. दावीद तें प्याला नाहीं, त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. त्याला त्यांत माणसांचें रक्त दिसलें. त्यानें त्या तिघांना तुच्छ लेखलें नाहीं, व त्यांच्या शौर्यावर आपली तहानहि भागविली नाहीं. मिरवणुकीच्या पुढें चालणारे पुढारी बहुधा हें दुसरें करतात.

तेव्हां 7 डिसेंबर जवळ आला म्हणजे मंडळीच्या पंचांनीं आपल्या गांवांत सैन्यांतून परतलेले किती, त्यांच्या विधवा किती, कोणाचें पेन्शन एखाद्या कागदावांचून अडलें आहे, ह्याची घरोघर चौकशी करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अमरावतीस आहे व अकोल्यासहि आहे. जिला लिहितां येत नाहीं तिचा अर्ज शिकलेल्या तरुणानें लिहून द्यावा, आणि एकानें तिच्याबरोबर जावें. ती आमच्या मंडळींतली नसली तरीहि.