पाणी मुरतंय कुठं?

माणूस तसा न्यायप्रिय असतो. फक्त आरोपी जवळ बसलेला हवा.

मृगाच्या पहिल्याच सरीनंतर आमच्या मोटारीत डावीकडच्या सीटपुढची चटई ओली सापडली. तिथं आदल्या दिवशी नातू बसला होता आणि त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. खटला तिथंच संपला. "मी नाही सांडलं, आजोबा," असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा गप्प बसला, तो मी कबुलीजबाब धरला.

आमचं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं गावात सांगतात. बकासुराकडे रोज एका घरानं माणूस पाठवायचा, की बाकीचे निवांत. आमच्या घरी त्या दिवशी नातवाची पाळी होती, एवढंच.

सुट्टी संपवून नातू पुण्याला गेला. चटई मात्र ओलीच! मी दाराचं रबर बदललं, काचेच्या कडेनं सीलंट भरलं. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तर सौ. म्हणाली, "तिथल्या तळ्यात कमळं आहेत म्हणून ते पद्मालय. आपल्या गाडीत आता तेवढीच लावायची राहिलीत."

शेवटी हमरस्त्यावरचं गॅरेज गाठलं. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, पानी जठे दिसस तठेच गयस आसं नही." त्यानं चटई काढली, आतला पत्रा कोरडा पुसला, एका पोऱ्याला बॅटरी घेऊन आत बसवलं आणि नळीनं पाणी सोडलं, आधी खाली दारांवर, मग हळूहळू वर. एकदम टपावरून ओतलं, तर ओघळ सगळीकडून येतात आणि कळत काहीच नाही.

पाणी काचेपर्यंत गेलं आणि पोऱ्या आतून ओरडला. काचेखालची जाळी उघडली. तिथं एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तीत पडून भोकांवाटे खाली जातं. आमची भोकं कडुनिंबाच्या पाल्यानं बुजलेली. तुंबलेलं पाणी पंख्याच्या हवेच्या वाटेनं आत उतरत होतं, थेट नातवाच्या पायाशी.

कडुनिंब माझ्याच अंगणातला. त्याच्या सावलीत गाडी लावतो, हे मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचो.

पाण्याचा दोष नाही. उतार मिळेल तसं ते वाहतं आणि दिसतं शेवटच्या मुक्कामाला. घरातली भांडणंही अशीच. उगम एकीकडे, ओल भलतीकडे. तेव्हा माझी चूक समजण्यासारखी होती, असं मी मनाला बजावलं. मन ऐकेना. उगम सापडायला अवघड होता, हे खरं. पण मी शोधला कुठं होता? नातवाला दोषी ठरवल्यामुळे चटई उचलून बघायचे कष्टही वाचले होते. पुष्कळसे निकाल असेच, कष्ट वाचावेत म्हणून लागत असतील काय?

रात्री पुण्याला फोन लावला. "अरे, ते पाणी तू सांडलं नव्हतंस."

"मला माहीत होतं, आजोबा," तो म्हणाला.

उघडीप मिळाली तशी चटई दोन दिवसांत वाळली.